मशिन ‘तपासलेले’ आहे

३ जानेवारी
आजपासून मी फर्मच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण विभागात. विभाग म्हणजे प्रिंटरशेजारचं टेबल आणि मी. टीम छोटी असली की निर्णय लवकर होतात. घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यात वकील, त्यात पर्यावरण! संकल्प: पृथ्वीचं नुकसान करणाऱ्या क्लायंटला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं. फर्मच्या मालकीण म्हणजे मॅडम. त्यांना हे सांगितलं. म्हणाल्या, “छान. प्रिंटरमधला कागद संपलाय.”

११ जानेवारी
पहिली केस. कॉम्प्युटर कंपनी. जुनी मशिन्स जहाजाने परदेशी पाठवायची आहेत. नियम सरळ आहे: कचरा असेल तर आधी त्या देशाची परवानगी, दुरुस्तीचा माल असेल तर परवानगी नको. त्यामुळे सगळ्यांनाच आपला कचरा दुरुस्तीचा वाटतो. चाळीस पानी कायदेशीर मत लिहिलं. सारांश: नाही.
अभ्यास करताना एक फोटो दिसला. तोंडाला फडकं बांधून एक बाई शेगडीवर मशिनचे भाग भाजतेय. रडू आलं. फोटो वॉलपेपर म्हणून लावला.

१२ जानेवारी
वॉलपेपर काढला. त्यावर आयकॉन नीट दिसेनात.

१५ जानेवारी
मॅडम म्हणाल्या, “अगं, ‘नाही’ तर कोणीही म्हणेल. त्याला वकील कशाला?”
आधी राग आला. मग लक्षात आलं, किती खोल बोलल्या! बाहेर उभं राहून ओरडण्यापेक्षा आत बसून बदल घडवायचा. नवा संकल्प: ‘नाही’च्या जागी ‘हो, पण’.

१९ जानेवारी
‘पण’ सापडला! “प्रत्येक मशिन तपासलेले असल्यास तो दुरुस्तीचा माल समजावा.” एका शब्दात पृथ्वी वाचली. तपासलेले. आता मोडकं मशिन जागचं हलणार नाही.
टायवाल्याने (शेजारचा ज्युनियर, टाय घालतो, बाकी सांगण्यासारखं काही नाही) विचारलं, “आणि तपासून बंद निघालं तर?” मी म्हटलं, सगळं लिहायचं नसतं, कायद्याला सद्हेतू नावाची गोष्ट असते. तो हसला. मत्सर.
घरी जेवताना सांगितलं. दादा म्हणाला, “मग मीसुद्धा तपासलेलाच की! दहावीला तीनदा बसलोय.” वहिनी म्हणाली, “आणि तिन्ही वेळा बंद निघालात.” आई-बाबा पोट धरून हसले. मी हसले नाही. न शिकलेल्या माणसांत राहण्याची ही किंमत.

२ फेब्रुवारी
कंपनी बेहद्द खूश. त्यांचे शिपिंगसाहेब स्वतः केक घेऊन आले. मॅडम म्हणाल्या, “मत तुझं, तर सहीही तुझीच. मी का श्रेय लाटू?” बाकीच्या फर्ममध्ये मोठी माणसं ज्युनियरचं नाव खोडतात. इथे मॅडमनी स्वतःचं खोडलं. फर्मचं लेटरहेडसुद्धा नको म्हणाल्या, साध्या कागदावर तुझं नाव उठून दिसेल. आणि खरंच दिसतंय.

२० मार्च
कंपनीच्या गोदामाला भेट. एक माणूस मशिनचा प्लग लावतो. दिवा लागत नाही. मशिनवर ‘तपासलेले’ असं स्टिकर चिकटवतो आणि कंटेनरकडे ढकलतो. बराच वेळ पाहिलं. एकही दिवा लागला नाही.
शिपिंगसाहेबांना म्हटलं, ही तर सगळी बंद आहेत. ते म्हणाले, “हो ना! तपासल्याशिवाय कळलं असतं का?”
माझं वाक्य लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय. खाली माझं नाव. उद्या मॅडमना ठाम शब्दांत सांगणार.

२१ मार्च
मॅडम घाईत होत्या. शिवाय पुढच्या महिन्यात माझं नोकरीचं कन्फर्मेशन. कन्फर्म न होता आतून बदल कसा घडवणार? ठरलं: आधी कन्फर्म, मग ठाम.

५ एप्रिल
कन्फर्म! ठाम सोमवारपासून.

१८ मे
वाईट बातमी. पलीकडच्या बंदराजवळ आपल्या मालातल्या बॅटऱ्यांनी पेट घेतला. शेजारच्या वस्तीत विषारी धूर. पुष्कळ जण दवाखान्यात, भंगार फोडणाऱ्या दोन बायका भाजल्या. मन सुन्न झालं.
बातमीत म्हटलंय, माल ‘एका वकिलाच्या मतावर’ पाठवला होता. एका! नाव नाही, काही नाही. वर ‘तो वकील’ असा उल्लेख. बाईने काम केलं की जग ते पुरुषाच्या खात्यात टाकतं. हे सहन करायचं नाही. संपादकांना ईमेल: मत माझं आहे, मी स्त्री आहे, कृपया दुरुस्ती करावी. सोबत मताची प्रत जोडली.

१९ मे
दुरुस्ती छापून आली. मोठ्या अक्षरात. स्त्रीने ठाम राहिलं की होतं.

२ जून
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, पाणीसुद्धा विचारलं. म्हणाल्या, त्या आगीबद्दल आंतरराष्ट्रीय सुनावणी आहे आणि तुला जायचंय! मी कन्फर्म होऊन दोन महिने झाले नाहीत, आणि थेट तिकडे. टायवालाही येतोय. माझ्या फाइली उचलायला असेल.
घरात धमाल. वहिनीने माहेरून मोठी बॅग आणली. बाबा समोरच्या दुकानदाराला सांगून आले, आमची मुलगी परदेशात केस लढतेय. दादा म्हणाला, “वकीलसाहेब, दहावीचं बोललो ते मनावर घेऊ नका हं.” मोठ्या मनाने माफ केलं.
भाषण लिहायला घेतलं. सुरुवात त्या दोन बायकांपासून. प्रभाव पडेल.

९ जून
सुनावणीचे कागद आले. कंपनीचं म्हणणं: आम्ही वकिलाच्या मतावर विसंबलो. फर्मचं म्हणणं: मत खासगी आहे, लेटरहेड नाही, सही पाहावी. कंपनीच्या वकील आमच्याच मॅडम. फर्मचा वकील टायवाला. माझ्या वकिलाची जागा कोरी. काहीतरी चुकलं असणार, म्हणून मॅडमना फोन केला. फोन टायवाल्याने उचलला. म्हणाला, “ताई, यापुढे आपण एकमेकांशी बोलणं बरोबर दिसणार नाही.”
आई बॅगेत माझे इस्त्रीचे कपडे लावत होती. म्हणाली, “बाळा, कागदावर तुझं नाव आलं का गं? वाच की.”
वाचलं. नाव, आणि नावापुढे ‘जबाबदार व्यक्ती’.
आई बाबांकडे वळून म्हणाली, “जबाबदार तर ती लहानपणापासूनच आहे. त्यांना आत्ता कळलं.”