बर्फ जातो कुठे

प्रिय सिमोन,

हे पत्र मी किराणा दुकानाबाहेर, गाडीत बसून लिहितोय. तुझ्या आईला वाटतंय मी कॉफी आणायला आलोय. फोन का केला नाही, असं विचारशील. आपल्या घरात फोन वाजला की तो कुणाच्या हातात जातो हे तुला माहीत आहे, आणि मी अंगणात जाऊन कुजबुजलो तरी ती स्वयंपाकघरातून उत्तर देते. इथून केला असता तर तू अर्धं ऐकूनच तिला फोन लावला असतास. म्हणून कागद. सुरुवात फ्रिजपासून करतो, कारण मला स्वतःला सगळं त्याच वाटेने कळलं. पण पत्र तिच्याबद्दल आहे. मधेच ठेवून देऊ नकोस.

जूनमध्ये एक दिवस ती म्हणाली, "नॉर्बेर, तुझा फ्रिज बर्फ देत नाही." चालू असतो तेव्हा तो तिचा, बिघडला की माझा. मी ग्लास लावून दाबून पाहिलं. आत मोटर घरघरली, एक तुकडा पडला, संपलं. वरचा डबा उघडला तर तळाला चार खडे. लुईझियानाच्या उन्हाळ्यात दारात आलेल्या माणसाच्या हातात आधी बर्फाने गच्च भरलेला ग्लास द्यायचा, मग त्यात चहा ओतायचा, आणि मगच कसा आहेस विचारायचं, अशा घरात ही साधी गोष्ट नव्हे. शिवाय नोव्हेंबरात तुझं आणि केडचं लग्न. दुसऱ्या दिवशीचं जेवण आपल्याच अंगणात. ती म्हणाली, "केडच्या घरची माणसं काय कोमट चहा पिणार? एवढी वर्षं साखर कारखान्यातले बॉयलर दुरुस्त केलेस ना? मग?"

हे 'मग' मला झोंबलं. कारखान्यात आमची एक पद्धत होती. गाळप थांबलं की आरडाओरडा सगळे करतात, पण मेकॅनिकने आधी पाणी जिथून आत येतं तिथे जाऊन उभं राहायचं आणि तिथून एकेक टप्पा पुढे सरकायचं. अंदाज करायचा नाही. तेच केलं. फ्रिज ओढून बाहेर काढला. (मागे तुझा दुधाचा दात ठेवायची डबी सापडली, रिकामी.) भिंतीतला कॉक पूर्ण उघडा होता, नळी कुठे दुमडलेली नव्हती. फिल्टर मात्र जुना झाला होता. तो बदलला, आत अडकलेली हवा निघून जाईपर्यंत पाणी वाहू दिलं. पिण्याच्या पाण्याची धार छान जाड झाली. मला वाटलं, जिंकलो. दोन दिवसांनी डबा पुन्हा रिकामा.

मग बर्फाच्या साच्यात पाणी सोडणारी छोटी नळी. ती आतच गोठते कधी कधी, म्हणून तुझ्या आईचं केस वाळवायचं यंत्र घेऊन तिला गरम हवा देत बसलो. तुझी आई मागून येऊन म्हणाली, "तिला कुरळे केस शोभतील हं." नळीत काही अडकलेलंच नव्हतं. मग डबा भरला की बर्फ थांबवणारी तार पाहिली, ती मोकळी होती. बर्फ पडतो तिथली झडप पाहिली, ती नीट मिटत होती, आत दमट हवा जात नव्हती. फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवला, थंडी हवी तेवढी. शेवटी बर्फ बनवणारा अख्खा भागच नवा आणून बसवला. तुझा मामा कुंपणावर कोपर टेकून सांगत होता, "अरे, फेकून दे आणि पिशवीतला बर्फ आण." मी म्हटलं, मी हरलो तर पिशवी आणीन, अजून हरलेलो नाही. आणि डबा रिकामाच.

या सगळ्या दिवसांत मी बाकी काही पाहत नव्हतो असं नाही. पाहत होतो, पण वेगळ्या खणात ठेवत होतो. तुझ्या आईने चर्चच्या गायनातली मागची खुर्ची मागून घेतली, म्हणाली पुढे दिवे डोळ्यांवर येतात. पत्रपेटीपर्यंत जाऊन येताना ती मधे मॅग्नोलियापाशी थांबायची, फुलं बघतेय असं दाखवायची. त्या झाडाला तेव्हा फुलं नव्हती. गंबोच्या रश्श्यासाठी पीठ तेलात परतताना ती कुणाला चमचा देत नाही, तुलासुद्धा कधी दिला नाही. जुलैत तिने तो माझ्या हातात दिला आणि खुर्ची ओढून बसली. मी करपवलं. ती ओरडली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी म्हटलं, वय होतंय, माझंही होतंय.

मग मी विचार केला की यंत्राला विचारून झालं, आता बर्फालाच विचारू. सकाळी डबा पुसून कोरडा केला, समोर खुर्ची टाकली आणि बसलो. ती म्हणाली, "आता काय, फ्रिजची सोबत करणार?" बर्फ पडला. थोड्या वेळाने पुन्हा पडला. यंत्र ठणठणीत होतं, बहुधा पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाणी आत जात होतं, बर्फ होत होता, डब्यात पडत होता, आणि त्यापुढे कुठेतरी नाहीसा होत होता. त्यापुढचा टप्पा मी तपासलाच नव्हता. आपल्याकडे चहा संपला की तळाचा बर्फ कुडूमकुडूम चावत बसायचं हे जेवणाइतकंच नेहमीचं. तूही लहानपणी चिंगळ्यांच्या मेजवानीत बर्फाच्या पेटीतून मुठी भरून पळायचीस. त्यामुळे तो आवाज माझ्या घरात सगळा दिवस येत होता आणि मला ऐकू येत नव्हता. दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात कुणी पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं.

त्या दुपारी मी तुझ्या मामाकडे जातो म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरूनच परत आलो. ती मागच्या पडवीत होती. मांडीवर केकचं पीठ कालवायचा मोठा वाडगा, बर्फाने भरलेला, आणि ती भुकेल्या माणसासारखी खात होती. ओठ पांढरे. मला पाहून तिने वाडगा झाकला नाही. म्हणाली, "बैस. सापडलं तुला." सगळं सांगितलं तिने. वसंतात चर्चच्या आवारात रक्तदानाची गाडी आली होती. ती दरवर्षी देते. या वेळी बोट टोचून त्यांनी तिला परत पाठवलं, रक्त फार कमी आहे म्हणून. ती मात्र तिथला 'मी रक्त दिलं'चा स्टिकर उचलून, छातीवर लावून घरी आली आणि मी तिला शाबास म्हणालो! मग ती एकटीच डॉक्टरकडे गेली. अंगातलं लोह संपलंय, बर्फाची ही वखवख त्यामुळेच असू शकते, असं ते म्हणाले. रक्त आतून कुठे झिरपतंय का, ते नळी घालून बघायला हवं, लवकर. त्यांनी तारीख दिली. तिने फोन करून रद्द केली. "लग्नानंतर," म्हणाली. "आणि सिमोनला कळलं तर याद राख." नाही सांगणार, असा शब्द मी दिला.

का, ते तू ओळखलं असशील. आमच्या लग्नाच्या फोटोत तुझ्या आजीच्या जागी तुझ्या आईची मावशी उभी आहे. आजीला आठवडाभर आधी तपासायला म्हणून इस्पितळात नेलं आणि ती परत आली नाही. तुझी आई म्हणते, "माझ्या मुलीच्या फोटोत मीच उभी राहणार, नंतर काय करायचं ते करा." मी समजावलं, चिडलो, एकदा रडलोसुद्धा. ती म्हणते, तू फ्रिज बघ.

म्हणून तिला दिलेला शब्द मोडून हे लिहितोय, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मी डॉक्टरांकडून पुन्हा तारीख घेतली आहे. येत्या मंगळवारी, सकाळी. आदल्या दिवशी काही खायचं नाही, फक्त पातळ पदार्थ. म्हणजे तिला सोमवारीच कळणार आणि ती नाही म्हणणार. माझ्या 'हो'चं तिच्यापुढे काही चालत नाही, तुझं चालतं. तू रविवारी ये. पत्रिका छापायला दिल्या नसतील तर देऊ नकोस, आणि तिला तोंडावर सांग की आई तपासून घेईपर्यंत लग्नाला तारीख नाही. केडलाही तसंच सांगून ठेव, म्हणजे ते खोटं राहणार नाही. ती तुला शिव्या घालेल. घालू दे. मंगळवारी सकाळी मी गाडी सुरू करून दारात उभा असेन. तू तिचा एक हात धर, दुसरा मी धरतो.

तुझाच,
डॅडी