लालबागेतल्या फोटोचा खुलासा

बसवनगुडी, बंगलोर
१२ जानेवारी १९६४

तीर्थस्वरूप सौ. अक्कास धाकट्या रत्नाकरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बेळगावहून तुझं पत्र पोचलं; पत्र कसलं, समन्सच. भावोजींचा खोकला उतरला असेल अशी आशा करतो (आलं-मध चालू ठेवावं). इकडे प्रेमा आणि मी खुशाल आहोत, आणि अण्णा तर इतके खुशाल आहेत की त्यावरूनच तू रागावली आहेस. मी पाठवलेल्या फोटोत ते समोरच्या घरातल्या अंबुबाईंना (कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या बाई) अगदी खेटून बसलेत, आई जाऊन तीन वर्षं होतात न होतात तोच ही थेरं, म्हणून शुक्रवारी मामांना घेऊन निघतेस. अक्का, जरा थांब. दोष अण्णांचा नाही, माझ्या भिंगाचा आहे.

लांबचं टिपणारं हे भिंग मला चिकपेटेत एका भंगारवाल्याकडे मातीमोलानं मिळालं. हातभर लांब नळी. कॅमेऱ्याला बसेना, म्हणून कारखान्यातल्या लेथवर मीच तिला एक कडी कातली. त्यात आपोआप काहीच होत नाही. कडं हलके हलके फिरवायचं, धुक्यातून वस्तू वर येईपर्यंत वाट पाहायची, मग श्वास रोखायचा. तोवर घार असेल तर ती उडून गेलेली असते. पण खरं सांगू, ते वाट पाहणंच मला आवडतं. गच्चीवरून नंदीचा डोंगर टिपला, तो नुसता पांढुरका आला (प्रेमा म्हणते, हा ताकाचा फोटो), तरी मी त्याच्याकडे तासभर बघत बसतो. सकाळी लालबागेत तळ्याच्या टोकाला ही नळी तिपाईवर चढवली, की पलीकडचा सगळा काठ तरंगत जवळ येतो आणि मी कुठे उभा आहे हेच विसरतो. बागेचा पहारेकरी देवाप्पा येऊन म्हणाला, "सार, तोफ स्वल्प तिकडं वळवा, लोक भितात."

तर या भिंगाची खोड अशी, की ते मधलं अंतर खाऊन टाकतं. काठावरची बाकं एकामागे एक आहेत. लांबून टिपली की धोतराच्या घड्यांसारखी एकमेकांवर येतात. अण्णा पुढच्या बाकावर होते, अंबुबाई मागच्या. मध्ये वीस पावलं, मी स्वतः चालून मोजली. मामांना हे नीट सांग. ते वकील आहेत, त्यांना पुरावा पटतो.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
रत्नाकर

ता. क. पुराव्याला बळकटी म्हणून आज सकाळी आणखी एक फोटो काढायला गेलो. दोघं एकाच बाकावर होती. भिंगावरून डोळा काढून पाहिलं, तरी एकाच बाकावर. अण्णा कन्नड वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते, बाई त्यांच्या उच्चारांना हसत होत्या, आणि अण्णाही हसत होते. आई गेल्यापासून त्यांनी घरात कुणाला काही वाचून दाखवलेलं नाही. मला रडू आलं आणि फोटो राहिला.

पुन्हा ता. क. मामांना आणू नकोस, एकटी ये. अण्णा आपणहून बोलायचे नाहीत, आणि मी विचारलं तर पेपर तोंडापुढे धरतील. तूच विचार. आपल्या घरात ते भितात फक्त तुला, म्हणून होकारही तुझाच लागेल.