रेघेच्या आत

सोमवार

पोचलो एकदाचे! धाकट्या बहिणीने प्रवासभर माझं डोकं खाल्लं, पण घर बघून बाईसाहेब खूश झाल्या. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, समोरच दवाखाना, जिथे मी नवी डॉक्टर. सुट्टी संपेपर्यंत ती माझ्याकडेच राहणार. निघताना आईने तिचा हात माझ्या हातात दिला आणि हिला जप म्हणाली, जणू मी तिला लढाईवरच नेतेय. नव्या चपलेने तिच्या टाचेला फोड आलाय, तेवढीच काय ती जखम.

ओपीडी छान आहे. त्वचेच्या रुग्णांना वेगळी खोली, भरपूर उजेड, कोपराने उघडणारा नळ. ड्रेसिंगच्या सिस्टर मात्र कपाळाला आठ्या घेऊनच जन्मल्या असाव्यात. त्यांचं पहिलंच वाक्य, की इथे रुग्णाच्या अंगावर रेघ मारायची नाही. का, तर नाही मारायची. मला हसू आलं. लाली कुठवर आलीय ते पेनने आखून ठेवलं, की ती वाढली का घटली ते दुसऱ्या दिवशी कळतं. जगभर हेच करतात. यांचं काहीतरी वेगळंच!

मंगळवार

एक शिंपी आला. नडगी लाल, गरम, तुकतुकीत, कातडीखाली संसर्ग. मी मार्कर काढताच पाय ओढायला लागला. त्यामुळे रेघ लालीच्या बोटभर बाहेरून गेली आणि एका जागी नाकासारखी पुढे आली. खडूने माखलेल्या बोटांनी तो ती पुसत राहिला, पण ही शाई थोडीच निघते! बाकावरच्या सगळ्यांनी माना फिरवल्या. गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं.

गुरुवार

शिंप्याची लाली रेघेपर्यंत भरलीय. अगदी काठोकाठ. त्या नाकातसुद्धा.

योगायोग असणार. औषध बदललं आणि गुडघ्याच्या वरून नवी रेघ मारली. सिस्टरांनी हातातला ट्रे आपटला आणि निघून गेल्या. या वागण्याने माझं डोकं फिरलंय.

शुक्रवार

दुसरी रेघही भरली. ज्यांना आखायला मला वेळच मिळाला नाही, ते सगळे त्याच गोळ्यांनी बरे होताहेत. सिस्टरांना गाठून विचारलं. म्हणाल्या, त्या दुखण्याला कुठवर जायचं ते ठाऊक नसतं बाई, तुम्ही दाखवता.

शिंप्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे फोन करून सांगितलं, की कृपा करून रेघ मारू नका. ते हसले. मीही हसलेच होते.

रविवार

शिंपी गेला. तिथे त्याला छातीपर्यंत आखलं होतं.

सोमवार

बाकं रिकामी. दुकानदाराने ब्रेड असूनही नाही म्हणून सांगितलं. रस्त्यात धाकटीच्या पायाशी कुणीतरी थुंकलं. शिंप्याची बायको दवाखान्याच्या दारात उभी असते. रडत नाही, शिव्या देत नाही, नुसती बघते. मला तिची भीती वाटते.

धाकटीची टाच लाल झालीय. थोडीशीच. गोळ्या सुरू केल्या. मार्कर घरच्या कपाटात, कपाटाला कुलूप.

बुधवार

टाच सुकतेय! उद्या पहिल्या गाडीने आईकडे. नोकरी गेली खड्ड्यात.

दुपार. शिंप्याची बायको घराभोवती फिरतेय. वाकून, भिंतीलगत. हातात नवऱ्याचा कापड आखायचा खडू. उंबऱ्यापाशी येऊन तिने रेघेला रेघ मिळवली. मग खिडकीकडे बघून म्हणाली, आता भरू दे.

संध्याकाळ. भिंती कोमट लागतात. खालून गुलाबी. धाकटीला ताप —

गुरुवार

दार फुगलंय. हलत नाही. ओरडले. रस्त्यावर माणसं उभी आहेत, सिस्टरसुद्धा. कुणी पुढे येत नाही —

फरशी लाल. मऊ. पाऊल पडलं की खळगा पडतो, तो भरून येत नाही. सुजलेल्या पायावर पडतो तसा —

धाकटी पलंगावर. ताई, ताई करतेय. तिला मी काही होऊ देणार नाही. लाली रेघेपाशी थांबते. नेहमी थांबते. नाकातसुद्धा थांबली होती —

कपाट फोडलं. मार्कर मिळाला. पलंगाभोवती आखलं, पूर्ण, कुठेही तुटक नाही. धाकटी आत. जपलं गं आई तिला —

थांबली! फरशीवरची लाली हटतेय. भिंतीवरची पण. मागे सरकतेय, पलंगाकडे —

पलंगाकडे का —

टाच. टाच तर आतच — मीच तिच्याभोवती —