माळा की माडी

कोल्हापूर,
जानेवारी १९९८

ती. दादास,

पद्मजाचा शिरसाष्टांग नमस्कार. (वर एवढा आदर केला आहे, खाली नेहमीप्रमाणे 'तू'च म्हणणार आहे.) वहिनींचा गुडघा कसा आहे? मलकापूरच्या थंडीत त्यांना जमिनीवर बसू देऊ नकोस. तुझ्या पथ्याबद्दल विचारत नाही, कारण तू खोटं लिहितोस. नातीला अभ्यासासाठी माझे आशीर्वाद सांग. इकडे आम्ही दोघंही आजच्या तारखेला सुखरूप आहोत. 'आजच्या तारखेला' हे शब्द मी विचार करून लिहिले आहेत.

मला भीती वाटते, असं वाक्य तू माझ्या पत्रात आजवर वाचलं नसशील. मुलींच्या हायस्कुलात मी पर्यवेक्षिका असताना तपासणीला आलेले साहेब माझ्यासमोर टोपी सारखी करत. ती मी आता परसातल्या चार लोखंडी खांबांना घाबरते. दिवसाउजेडी घाबरते.

झालं असं. आमचे हे निवृत्त होऊन मुंबईहून कायमचे घरी आले (इतकी वर्षं महिन्यातून एकदा पाहुण्यासारखे येत, तेव्हा संसार किती सुरळीत चालला होता) आणि येताना गाडी घेऊन आले. गाडी आली म्हणजे गॅरेज आलं. नुसतं गॅरेज बांधलं तर वरची जागा फुकट जाते, असं मुंबईत राहिलेल्या माणसाला वाटतंच. म्हणून परसात खाली गॅरेज, वर बसायची खोली आणि सगळा भार लोखंडी सांगाड्यावर, असं ठरलं. सांगाड्याचा नकाशा स्वतःच काढायचा, हेही ठरलं. विमा कंपनीत जन्म गेलेल्या माणसानं खांब-तुळया का आखू नयेत, असं त्यांनी मला विचारलं. मी कारणं सांगितली. ती पटली नाहीत. जेवणाच्या टेबलावर आलेखाचे कागद पसरले आणि आम्ही ओट्यापाशी उभ्यानं जेवू लागलो. पुढं उदबत्तीच्या काड्यांचा छोटा सांगाडा झाला, त्यावर नारळ ठेवला आणि तो पडला नाही. नारळ पडला नाही म्हणजे माणसं पडणार नाहीत, हे अनुमान मी शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही करू दिलं नसतं.

उद्यमनगरातून बाळासो आले. ते लोखंडी शेडी उभारून देतात. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "सायेब, नकाशा लई भारी काढलाय. ह्येला फ्रेम करून भिंतीला लावा. आता तोंडानं सांगा, काय पायजे?" ह्यांनी तोंडानं सांगितलं, "खाली गाडी आणि वर एक माळा."

दादा, घात इथं झाला. (मी त्या वेळी भाजी आणायला गेले होते. मेथी फार स्वस्त होती.) मुंबईत माळा म्हणजे मजला. तिथं माणसं चौथ्या माळ्यावर जन्मतात, लग्नं करतात, म्हातारी होतात. आपल्याकडं माळ्यावर कांदे, गळकी घमेली आणि मोडका पाळणा. माणसं बसतात ती माडी. बाळासोंनी कांद्यांना पुरेल असा सांगाडा इमानानं उभा केला. ह्यांनी त्यावर फळ्या टाकल्या, पत्र्याच्या भिंती केल्या आणि गेल्या पौर्णिमेला वर सत्यनारायण घातला.

सगळी गल्ली वर चढली. मी शिरा करत खाली होते. गुरुजी नेमके नाव बुडते त्या अध्यायाशी आले असताना बाळासो प्रसादाला आले. फाटकातूनच त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्या हातातला हाराचा पुडा खाली पडला.

"ओ वैनी! माळ्यावर माणसं कशाला चढवलीसा?"

"मग काय चढवायचं होतं?"

"कांदं की वो! बटाटं!"

मी वर पाहिलं. मधल्या तुळईला पोट आलं होतं आणि कुणी मांडी बदलली की ती कण्हत होती. मी शाळेचा आवाज काढून सगळ्यांना खाली यायला सांगितलं, तर शेजारच्या धोंडुबाई वरून म्हणतात, "परसाद न घेता कशी उतरू वो? आत्ताच तर नाव बुडाली न्हवं!" तुळई वाकलेली, आणि या लोकांना भीती कसली, तर प्रसाद चुकण्याची. शेवटी मी सांगितलं की प्रसाद खालीच मिळेल, वर येणार नाही. (शिऱ्याचं पातेलं त्या जिन्यावर चढवायची माझी छाती नव्हती.) जड माणसांनी आधी उतरावं, असं म्हटल्यावर मात्र कुणीच हलेना. आपण जड, हे कबूल कोण करणार? धोंडुबाई तर हट्टानं सगळ्यांच्या शेवटी उतरल्या. त्यांचा पाय जमिनीला लागेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. उरलेली कथा गुरुजींनी पेरूखाली उभ्यानं संपवली. यजमानांना पूजेवरून उठता येत नाही, म्हणून हे सोवळ्यात एकटेच वर बसून राहिले.

त्यानंतर ते रोजच वर बसतात. बाळासो म्हणाले, "मधी एक खांब दिला की माळ्याची माडी हुत्या बगा. हत्ती नाचवा वर." पण मधे खांब आला की गाडी आत जात नाही. आणि गाडी नसेल तर गॅरेज कसलं, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून सांगाडा भक्कम असल्याचं सिद्ध करायला सकाळी पेपर घेऊन चढतात ते जेवायलाच उतरतात. मी स्वयंपाकघरात असते आणि कान परसात असतात. वाऱ्यानं पत्रा वाजला तरी हातातली पळी पडते. वरणाला दोनदा मीठ पडतं. अबोला धरून पाहिला, पण वर बसलेल्या माणसाला खालचा अबोला ऐकू येत नाही. गाडी मात्र अजून रस्त्यावरच असते. त्या सांगाड्याखाली ती लावायला ते तयार नाहीत. (रंग खराब होईल म्हणतात.) यावरून काय समजायचं ते समज.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझी,
पद्मजा

ता. क. जावयाच्या कामात सासरच्यांनी बोलू नये, असं तू मागं फोनवर म्हणालास. बोलू नकोस. माग. वहिनींना दवाखान्यात न्यायला वर्षभर गाडी हवी आहे, असं ह्यांना स्वतंत्र पत्र लिही. माझ्या माहेरानं आजवर त्यांच्याकडं काही मागितलेलं नाही, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येणार नाही. इकडून गाडी हलली की बाळासो खांब उभा करतील. मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे.

आणखी एक. तुला गाडी चालवता येत नाही, हे ह्यांना ठाऊक आहे. शिकतो आहे म्हण. खरोखर शिकू मात्र नकोस, मला एकच काळजी पुरे आहे.

पाकीट चिकटवता चिकटवता. आत्ताच वरून हाक आली, "अगं, वर ये की. आज हवा स्वच्छ आहे, खिडकीतून पन्हाळा दिसतोय." खिडकी त्यांनी त्यासाठीच त्या बाजूला काढली होती म्हणे, मला दाखवायला. हे आज कळतंय. मी अजून एकदाही वर चढलेली नाही. जाते. दोघांत एकच कप चहा नेणार आहे, तेवढंच वजन कमी. पण आधी हे पत्र पेटीत टाकून येते.