प्रोकोपिओ दालिपे यांचा अंगठा तपासण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
जमीन नोंदणी कार्यालय,
सांता रेमेदिओस नगर, पनाय बेट.

विषय : बंदर रस्त्यावरील भूखंड क्र. ११७ च्या खरेदीखतावरील अंगठा तपासून पुढील विक्री थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) माझी हरकत, दि. ११ मार्च. २) आपले पत्र, दि. १८ मार्च.

महोदय,

मी एलेउतेरिओ पानेस, वय ५९, पूर्वी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होतो. सध्या लहान भूखंड घेऊन त्यावर भाड्याच्या खोल्या बांधतो. घेण्याआधी माहिती काढतो. भरतीचे पाणी कुठवर चढते, गाडी वळते का, कब्जा कोणाचा, हे शेजारीपाजारी विचारतो.

१. वरील भूखंड रुस्तिको दालिपे मला विकत होते. थोरल्या भावाने आपल्याला खरेदीखत करून दिले आहे, असे ते सांगत. जागेवर मात्र ते थोरले भाऊ प्रोकोपिओ पत्नी सालिंग यांच्यासह राहत होते. त्यांनी मला कॉफी व सुकी मासळी दिली. मी खताची प्रत दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली व म्हणाले, "अंगठा कुणाचा हा? मी सही करतो. चौथीपर्यंत शिकलोय." यावरून मी आपल्याकडे हरकत दिली.

२. पुढचे मी पोलिसांना सांगितलेले नाही. हरकत दिली त्याच दुपारी मी रुस्तिको यांना भेटलो आणि अंगठा खोटा असल्याचे मला कळले आहे, तेव्हा भाव उतरवा, असे म्हणालो. वादातली जमीन स्वस्त पडते. ते लगेच कबूल झाले. म्हणाले, "गुरुवारी मोजायला या. घर रिकामं झालेलं असेल." घर कसे रिकामे होणार, हे मी विचारले नाही. मला समजले होते.

३. गुरुवार दि. १४ रोजी सकाळी मी मोजणीची फीत घेऊन गेलो. रुस्तिको यांच्यासोबत दोन माणसे होती. त्यांनी घरातली भांडी व बिछाने रस्त्यावर फेकले. सालिंगबाईंना केस धरून ओढले, तेव्हा प्रोकोपिओ कोयता घेऊन बाहेर आले. पहिला वार रुस्तिको यांच्या मनगटावर बसला, पंजा कातड्याला लोंबू लागला. दुसरा वार, मी मधे सापडल्याने, माझ्या डाव्या खांद्यात गेला. मग रुस्तिको यांच्या त्या दोन माणसांनी हद्दीचा सिमेंटचा खांब उपटून प्रोकोपिओ यांच्या डोक्यात घातला. ते पडले, तरी घालत राहिले. सालिंगबाई त्यांच्या अंगावर आडव्या पडल्या, तेव्हा बाईंच्याही दोन बरगड्या मोडल्या. फितीचे टोक शेवटपर्यंत माझ्या हातात होते.

४. रुग्णालयात जबाब देताना मी "आपसातली मारामारी, आधीचे काही माहीत नाही" असे सांगितले. ते खोटे आहे.

५. दि. २३ रोजी, नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला माणसे जमली असताना, आपले पत्र त्या घरी पोचले. अंगठा पडताळण्यासाठी प्रोकोपिओ यांनी दि. २८ रोजी स्वतः हजर राहावे, न आल्यास खत खरे धरले जाईल, असे त्यात आहे. ते येणार नाहीत. त्यांना दि. १७ रोजी पुरले. पोलिसांनी प्रेताच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आहेत, प्रत जोडली आहे. आपल्या खिडकीवरील कारकुनांनी ती घेतली नाही. ठसे देणाऱ्याची संमती लागते, असे ते म्हणाले.

६. तरी विनंती की हे ठसे ताडून पाहावेत, भूखंडावर वादाची नोंद करावी आणि माझा या अर्जातला खरा जबाब पोलिसांकडे पाठवावा. मला होणारी शिक्षा मान्य आहे. खरेदीची माझी मागणी मी मागे घेत आहे.

७. विलंब करू नये. एक हात गमावूनही रुस्तिको यांनी दुसरा ग्राहक गाठला आहे. तो काल शेजाऱ्यांना भरतीचे पाणी विचारत होता व शुक्रवारी मोजणीला येणार आहे. मी सालिंगबाईंना बहिणीकडे जाऊन राहण्याची विनवणी केली. त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमचा कागद लिहा." घरातला कोयता पोलिसांनी जप्त केला होता. सालिंगबाईंनी आज बाजारातून नवा आणला आहे.

आपला अपराधी व नम्र,
एलेउतेरिओ पानेस
दि. २५ मार्च

सोबत : खरेदीखताची प्रत, मृत्यूचा दाखला, बोटांचे ठसे, प्रोकोपिओ यांची पालक म्हणून सही असलेली शाळेची वही.