संत्रं, हळू आवाजात

मंगळवार, संध्याकाळ

वाडीच्या कमलाबाई आज कान दाखवायला आल्या. त्यांचा फाटलेला पडदा आधी मीच दुरुस्त केला होता, कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण लावून. तो टिकला नाही. मग अनघानं, माझ्याच विद्यार्थिनीनं, त्यांच्या कानातल्याच कूर्चेची चकती बसवली. आज पाहिलं तर पडदा शाबूत, कोरडा ठणठणीत. "म्याडमनं पक्का बसवून देला," बाई मलाच सांगत होत्या.

जळलो मी. इथे तरी कशाला लपवू? मनात म्हटलं, कूर्चा टिकेल, पण जाड असते. ऐकायला माझं पातळ आवरणच चांगलं. निदान तेवढं तरी माझं.

ऐकू किती येतं ते तपासायला बाईंना दुसरा कान दाबायला लावला, मागे उभा राहिलो आणि कुजबुजलो, "संत्रं." नेहमीपेक्षा हळू. मुद्दाम. त्यांना ऐकू येऊ नये असं वाटत होतं. डॉक्टर ना मी?

"संत्रं!" बाई लगेच म्हणाल्या. मग वळून हसल्या. "आज काहून इतकं हळू बोलून राहिले, साहेब? तुमच्या आपरेशननंतर तर तुम्ही 'संत्रं' चांगलं जोरानं म्हटलं होतं."

अनघा समोरच होती. मान खाली घालून तिनं बाईंच्या फाइलीत लिहिलं, 'कुजबुज ऐकू येते.'

त्याच फाइलीत मागच्या पानावर हेच वाक्य आहे. माझ्या अक्षरात.