सड्यावरची पाल

ठाकूरद्वार,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिवामामा,

वाकून नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे, जिना एकटी उतरते. आमसुलं पोचली. मामीचा खोकला थांबला का?

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी तू मला सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, ती बोटभर पाल दाखवली होतीस. "बाय, ही घरातली पाल न्हय गो. हिच्या डोळ्यातली बाहुली बघ, गोल आसा. आणि ही उन्हात फिरता." मी हसले. तरी तुझ्या हट्टापायी दोन शेपट्यांची टोकं स्पिरिटमध्ये ठेवली. नोकरी बदलली तरी ती बाटली माझ्याबरोबर आली. डिसेंबरमध्ये लॅबमधल्या गौतमने बाकीच्या नमुन्यांबरोबर तिचीही डीएनए चाचणी केली.

"स्पृहा, ही कुठली? कुणाशीच जुळत नाहीये."

वरवर दिसायला हुबेहूब नेहमीच्या खडकावरच्या पालीसारखी, पण तिच्यापासून लाखो वर्षांपूर्वी फुटलेली. दुसऱ्या कुठल्याच डोंगरावरून असा नमुना आलेला नाही.

तू बरोबर होतास, मामा. आणि सड्यावर आता जांभा दगड कापणारी चिरेखाण आहे.

मी जानेवारीत येऊन गेले. तुझ्या घरी नाही आले, बाजारात लॉजवर राहिले. चार दिवस खाणीच्या कडेने दगड उलटत फिरले. एका फटीत अंड्यांची जुनी टरफलं मिळाली. बस.

घरी कुठल्या तोंडाने येणार होते? खाणीविरुद्ध अर्ज करताना तू खाणीच्या परवानगीसाठी झालेल्या सर्वेचा रिपोर्ट पाठवलास, म्हणालास, "काय लिवल्यानी ता वाच गो." मी फोनवर वाचून दाखवलं: पाल सर्वत्र आढळणारी, विशेष काही नाही. तू चिडलास. "ह्या लिवणारो कधी सड्यावर इलो तरी होतो काय?"

आली होती, मामा. तुझ्याच बरोबर. सुट्टीवर आलेय असं तुला सांगून. रिपोर्टखालचं नाव मी तुला वाचून दाखवलंच नाही. ते माझं होतं.

नोकरी नवी होती, रिपोर्ट सोमवारी हवा होता. पालीचे खवले नीट मोजून जात पक्की करायला दोन दिवस लागले असते. दोनच दिवस.

काल जिल्ह्याच्या कचेरीला लिहून कळवलं, चूक माझी. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, सडा निम्मा संपला. आता काय?"

ती पाल अजून कुठे उरलीय का, ते शोधायचंय. तुझ्या विहिरीला आतून जांभ्याचेच चिरे आहेत ना? दुपारी ऊन आत उतरतं तेव्हा बघशील? गोठ्यामागे, गडग्याच्या दगडांच्या फटीत, जिथे वाकता येईल तिथे बघ. दिसली तर हात लावू नकोस, मला फोन कर. नाही दिसली तरी कर. शिव्या दे, पण कर.

तुझी भाची, अजून म्हणू देत असशील तर,
स्पृहा